हँडब्रेकची तपासणी चाके उचलूनच व्हावी

महोदय,

गेल्या पावसाळ्यात, रत्नागिरीतील आमच्या घरासमोरच्या चढावर उभी केलेली माझी गाडी हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही हळूहळू मागे सरकली आणि शेजाऱ्यांच्या जांभ्याच्या गडग्यावर जाऊन आदळली. गडग्याचे चार चिरे निखळले, डिकीचा पत्रा आत गेला, एवढ्यावर निभावले. परंतु संध्याकाळी त्याच जागी वाडीतील मुले खेळतात, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, ही माझी चूक मला मान्य आहे. मात्र जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी गाडीचे सर्व्हिसिंग झाले होते आणि हाती मिळालेल्या कागदावर हँडब्रेकपुढे ‘तपासला’ अशी खूण होती.

नंतर दुसऱ्या मेकॅनिकने मागची चाके जॅकवर घेतली आणि मला बोलावून दाखवले. लिव्हर पुरता ओढलेला असूनही डावे चाक हाताने सहज फिरत होते. त्या बाजूच्या केबलचे आवरण फाटले होते, आत पाणी जाऊन तारा गंजल्या होत्या आणि बोट लावताच तांबूस भुकटी हाती येत होती. ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारे ब्रेकचे गोल भांडे, उघडल्यावर त्याला आतून दाबून चाक धरणारे ब्रेक शूदेखील झिजलेले निघाले. लिव्हर सैल लागतो म्हणून आधीच्या ठिकाणी फक्त त्याच्या खालचा नट आवळून दिलेला होता. त्यामुळे लिव्हर हाताला कडक लागे आणि मीही निर्धास्त राहिलो. प्रथम ड्रममधील शूचे अंतर नीट करायचे आणि मग केबलचा ताण पाहायचा, हा खरा क्रम आहे, असे त्या मेकॅनिकने सांगितले.

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, तर बहुतेक लहान गाड्यांचा हँडब्रेक केबलने फक्त मागची चाके धरतो, त्यामुळे पायाचा ब्रेक उत्तम लागतो म्हणजे हँडब्रेकही ठीक असणार, हा समज घातक आहे. कोकणात तर याच्या उलट त्रासही नेहमीचा आहे. मुंबईकरांच्या गाड्या गणपतीनंतर आठवडेच्या आठवडे ओल्या अंगणात हँडब्रेक ओढून उभ्या राहतात, शू ड्रमला चिकटतात, आणि मग जोर लावून गाडी हलवली की शूचे अस्तर सुटून येते. गंजलेली केबल परत सरकली नाही तर शू ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, जळका वास येतो. सपाट जागी दीर्घकाळ गाडी ठेवायची असेल, तर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावणे बरे.

उतारावर मात्र हँडब्रेकला पर्याय नाही. पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक ओढावा, न्यूट्रलमध्ये पाय सावकाश उचलून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा, आणि गाडी जागची हलली नाही तरच पुन्हा ब्रेक दाबून, तोंड चढाकडे असल्यास पहिला आणि उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर टाकावा. गाडी सरकत असेल तर ती तिथे सोडूच नये. या सवयीने हँडब्रेकची परीक्षाही रोज आपोआप होते. मी ती लावून घेतली असती, तर दोष कितीतरी आधी कळला असता.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार, चालक नसताना वाहन आपोआप हलणार नाही अशी तजवीज करणे बंधनकारक आहे. खासगी मोटारीला मात्र नोंदणीनंतर पहिली १५ वर्षे फिटनेस तपासणीसाठी न्यावे लागत नाही, म्हणजे या काळात सारी भिस्त सर्व्हिसिंगवरच असते. म्हणून सर्व्हिस सेंटरचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, कागदावर नुसती खूण करू नये. ओढताना लिव्हर किती ‘टक’ आवाजांनी वर येतो, तो आकडा गाडीच्या पुस्तिकेशी ताडून लिहावा, मागची दोन्ही चाके उचलून ती धरतात आणि सुटतात का ते पाहावे, आणि पावसाळ्यापूर्वी केबलचे आवरण ग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलनीही चढावर गाडी उभी करून तिचा भार असा हँडब्रेकवर देण्याचा सराव शिकाऊ चालकांकडून करून घ्यावा. माझ्या मुलीला गाडी शिकवताना तो कोणीही करून घेतला नव्हता. गडग्याच्या घटनेनंतर मी तिला त्याच चढावर, चाकामागे दगड ठेवून, तो शिकवला.

आपला नम्र,
एक मोटारधारक, रत्नागिरी