राजीनामा लिहिण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून पूर्णवेळ ख्रिस्ती सेवेत उतरायचं तुझ्या मनानं घेतलंय. "प्रभूवर भरवसा ठेवला की बाकीचं तो पाहून घेईल ना?" असं तू विचारलंस. घेईल. पण त्या "बाकीचं"मध्ये तू काय काय कोंबलंयस, ते आधी बाहेर काढून बघू.

पहिली गोष्ट, आवडीबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. गाणं आवडतं, तरुण पोरांत रमतेस, म्हणजे ही ओढ देवाची नसून आपलीच हौस असणार, असा एक समज मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, फिरत असतो. जणू देव नेहमी नावडतंच काम सांगतो! बायबलातलं निर्गम 31 वाच. "देवाच्या आत्म्याने परिपूर्ण" असं तिथे ज्याच्याबद्दल नावानिशी म्हटलंय, तो बसालेल ना संदेष्टा होता ना याजक. सोनं, रुपं, पितळ, लाकूड यांत काम करणारा कारागीर होता तो. मात्र त्यानं घडवलेल्या कराराच्या कोशाचं, म्हणजे त्या पवित्र पेटीचं, माप त्यानं ठरवलेलं नव्हतं. लांबी अडीच हात, रुंदी दीड, उंची दीड, हे आधीच सांगून झालेलं होतं. हात त्याचे, माप देवाचं. आपलं घोडं अडतं ते इथेच. कला द्यायला आपण एका पायावर तयार असतो, माप मात्र आपलं हवं असतं.

तुझ्या गाण्यावरूनच बघ. उपासनेत गाणं घेताना तू तुझ्या गळ्याला शोभेल ती पट्टी धरतेस. मंडळी सराव करून आलेली नसते. वरचा स्वर पेटीवरच्या पांढरी दोनच्या पलीकडे गेला की पुरुष गप्प होतात आणि पाठोपाठ बायकाही. म्हणून गाणं तार सप्तकातल्या शुद्ध गांधारापर्यंत जात असेल, तर षड्ज काळी पाचच्या वर नको. तुझा आवाज तिथे खुलणार नाही, थोडा दबेल. ते तुला चालणार असेल तर तू उपासना चालवतेयस. चालणार नसेल तर तो गाण्याचा कार्यक्रम आहे. त्यात वाईट काही नाही, पण त्याला सेवा म्हणू नये.

आता पाचारण, म्हणजे देवाची हाक, पारखायचं कसं? अंत्युखिया शहरातल्या मंडळीत काय झालं ते प्रेषित 13 मध्ये आहे. शौलाला (म्हणजे पुढच्या पौलाला) त्याचं काम दिमिष्काच्या वाटेवरच कळलं होतं. तरी मधे बरीच वर्षं गेली. तो मंडळीत शिकवत राहिला, आणि मंडळी उपास-प्रार्थना करत असताना पवित्र आत्म्यानं सांगितलं, "बर्णबा आणि शौल यांना माझ्यासाठी वेगळे करा." मग हात ठेवून त्यांना पाठवलं. आतून आलेली हाक बाहेरच्यांनीही ओळखावी लागते. तेव्हा तीन माणसं निवड. एक तुझे पाळक. दुसरं, तुझ्याबरोबर काम करताना तुला चिडलेलं पाहिलेलं कुणीतरी. तिसरं, ज्याला तुझं गाणं फारसं भावत नाही असं कुणीतरी. तिघांनाही हेच तीन प्रश्न लेखी विचार: माझ्यामुळे कुणाचं भलं झालेलं तुम्ही पाहिलंय का, मी कुठे अडखळते, आणि तुमची मुलं माझ्या हाती निर्धास्त सोपवाल का? उत्तराला दोन आठवडे दे, कारण तोंडावर विचारलं तर सगळे गोडच बोलतात.

सोबत सहा महिने नोकरी सांभाळून आठवड्याला आठ-दहा तासांचं काम घे, आणि त्यातलं निम्मं तरी माइकपासून लांबचं असू दे. खुर्च्या लावणं, आजाऱ्यांची भेट, येईनाशा झालेल्या मुलांना फोन. रोज एका ओळीत लिहून ठेव, कशानं दमलीस आणि कशानं दमूनही बरं वाटलं. सहा महिन्यांनी ती वही सलग वाचलीस की ओढ खरी कशाची आहे ते दिसेल. व्यासपीठाचीच निघाली तर ते आत्ताच कळलेलं बरं.

चिन्हं मागत बसू नकोस. गिदोनाची लोकर सगळ्यांना पाठ असते (रात्री बाहेर ठेवलेल्या लोकरीवरच्या दंवावरून त्यानं देवाकडे चिन्ह मागितलं), पण शास्ते 6 नीट वाच. काय करायचं ते देवानं त्याला आधीच सांगितलेलं होतं. लोकर त्याच्या शंकेची होती, आणि देवानं ती दोन रात्री सोसली. डोळे मिटून बायबल उघडायचं नि बोट पडेल ते वचन आपलं मानायचं, हाही त्यातलाच प्रकार. "आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस" हे नीतिसूत्रे 3:5 तू मला ऐकवशीलच. त्याच पुस्तकात, 15:22 मध्ये, मसलतीवाचून बेत फसतात असंही लिहिलंय.

भरवसा आणि तयारी एकाच माणसात पाहायची तर पारसच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या बघ. यरुशलेमेचा तट पडल्याची वाईट बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते आणि राजापुढे तो बोलतो नीसानात. म्हणजे मधे चारेक महिने नुसती प्रार्थना. राजा विचारतो, "तुला काय पाहिजे?" त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधल्या क्षणातही तो देवाला हाक मारतो. पण उत्तर देताना गडबडत नाही. किती दिवस लागतील ते सांगतो, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं मागतो, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडांची चिठ्ठी मागतो. म्हणजे त्या चार महिन्यांत यादी झालेली होती! पोहोचल्यावर तीन दिवस गप्प. मग रात्री मोजकी माणसं घेऊन तट पाहायला निघतो. एके ठिकाणी ढिगाऱ्यातून त्याच्या जनावराला जायलाही वाट उरत नाही. एवढं पाहून झाल्यावरच लोकांपुढे तोंड उघडतो. तट 52 दिवसांत उभा राहिला हे सगळे सांगतात. यादीबद्दल कुणी बोलत नाही.

तुझी यादी पैशापासून सुरू होते. गेल्या बारा महिन्यांचा खर्च मांड. वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून महिन्यात धर. लोक हमखास विसरतात ते विमा, कर, प्रवास, वाद्याची दुरुस्ती, पुस्तकं आणि म्हातारपणाची तरतूद. कर्ज असेल तर आधी फेड, कारण हप्ता डोक्यावर असला की माणूस पैसेवाल्याला खरं बोलायला कचरतो. कुणी "दर महिन्याला देऊ" म्हटलं तर ते लिहून घे, आणि सलग तीन महिने प्रत्यक्ष किती आलं ते वेगळ्या रकान्यात भर. दोन्ही रकाने क्वचितच जुळतात. लोक खोटारडे नसतात. सभेतला उत्साह घरी जाईतो ओसरतो, इतकंच. दुसऱ्या रकान्यात खर्च भागू लागला आणि सहा महिन्यांची शिल्लक हाताशी असली की मग राजीनामा. शिल्लक ठेवणं म्हणजे अविश्वास असं कुणी म्हणालं, तर सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवणारा योसेफ दाखव.

सेवेच्या पैशाचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेव. अर्पण मोजताना दोन माणसं, आणि त्या दोघी सख्ख्या मैत्रिणी नकोत. पैसे काढायला दोन सह्या. पौलानंही गोळा झालेली मदत नेताना सोबत माणसं घेतली, कुणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8). आणि खर्च भागतच नसेल तर त्याच पौलानं करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू केले. अर्धवेळ नोकरी म्हणजे अर्धवट पाचारण, असं कुणाकडूनही ऐकून घेऊ नकोस.

शिक्षणाचं थोडक्यात. सेमिनरीच्या (पाळक घडवणाऱ्या संस्थेच्या) पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पूर्णवेळ साधारण तीन वर्षं लागतात, त्यात ग्रीक आणि इब्री (हिब्रू) येतं. प्रवेशाआधी तुझ्या मंडळीला ती पदवी मान्य आहे का ते विचार. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याबाबत मंडळ्यांचं एकमत नाही, तेही आधीच स्पष्ट विचारून घे. तीन वर्षांनी कळलेला नकार फार लागतो.

तरुणांत आणि मुलांत काम करणार आहेस, म्हणून एक नियम हट्टानं पाळ. बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटी कधीच बसायचं नाही. दार उघडं, किंवा नजरेच्या टप्प्यात दुसरं मोठं माणूस. रात्री खासगी मेसेजवर समुपदेशन नाही. आणि कुणी आपल्यावरचा अत्याचार सांगितला तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. ते तुला पाळता येणार नाही, पाळूही नये.

आठवड्याचा एक पूर्ण दिवस सुटीचा, आणि तो रविवार नसणार हे गृहीत धर. एलीया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूतानं त्याला आधी दोनदा खाऊ घातलं आणि झोपू दिलं. उपदेश केला नाही. संदेशासाठीच, म्हणजे प्रवचनापुरतंच, बायबल उघडतेयस असं लक्षात आलं, तर ती थकव्याची पहिली खूण समज. ती दिसली की आठवडाभर कुणालाही न शिकवता नुसतं वाच.

एवढं करूनही दार बंद होऊ शकतं. पौलाला आशियात (तेव्हाच्या त्या नावाच्या रोमी प्रांतात) जाऊ दिलं नाही, बिथुनियातही नाही. त्रोवसला पोहोचेपर्यंत कुठे जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, तरी तो चालत होता. तुला एखाद्या सेवेतून नकार आला तर तो पाचारणालाच आला असं धरू नकोस, आणि सैतानाचं काम असंही लगेच म्हणू नकोस. नकार देणाऱ्याला कारण विचार नि वहीत लिहून ठेव.

पत्र त्या तिघांना कधी धाडतेयस ते कळव. खर्चाचा तक्ता बनवलास की आमच्याकडेही पाठव. विम्याचा रकाना तू गाळणार, याची खात्रीच आहे.

तुझे,
आई-बाबा