सडा कापा, पण बुडखा राखून

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

यांत्रिकीकरणाच्या योजनेतून ग्रास कटरला मिळणारं अनुदान चालूच ठेवा. मुलं मुंबईला, मजुरीला माणूस मिळत नाही, विळ्याने सडा, म्हणजे कातळमाळावरचं गवत, कापायचं कोणी? मागणी एवढीच, की गवत कधी आणि किती उंचीवर कापायचं हेही यंत्राबरोबर खात्याने सांगावं.

विळेकरी मूठभर बुडखा ठेवायचा, कारण पातं कातळाला लागलं तर धार जायची. यंत्राला ती भीती नाही. कुसळीसारख्या बारमाही गवताला पुढच्या पावसात फुटवे येतात ते या बुडख्यातून. तोच भादरला की ठोंब दरवर्षी बारीक होत जातो. कातळावर माती बोटभर, तिथली बरीचशी गवतं तर एका पावसाचीच. पुढच्या वर्षीची त्यांची सगळी भिस्त झडलेल्या बियांवर. ती फुलोऱ्यात असताना अख्खा सडा साफ केला तर बी पडणार कुठून? पाऊस एकदा सरला की कापलेलं गवत पुन्हा वाढून बी धरत नाही.

गुरंवाल्याचंही खोटं नाही. फुलोऱ्याआधीचं गवत सकस, बी झडल्यावरचं करड, म्हणजे वाळकं गवत, नुसतं पोट भरायला. शिवाय न कापलेलं करड म्हणजे वणव्याला आमंत्रण. एका विडीपायी काजूच्या बागा गेलेल्या आम्ही पाहतो. त्यामुळे सड्याला हातच लावू नका म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

सड्याचे पट्टे पाडावेत. एक पट्टा ओल्या वैरणीसाठी लवकर कापावा, बाकीचे बी झडल्यावर, आणि लवकर कापायचा पट्टा दरवर्षी बदलावा. बागेच्या हद्दीवरची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, मात्र खरडूनच काढावी, तिथे दयामाया नको.

नेमकी उंची आणि वेळ अंदाजाने ठरू नये. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणात आहे. त्यांना राजापूर, देवगडच्या सड्यांवर वेगवेगळ्या उंचीच्या, वेगवेगळ्या वेळच्या कापणीचे प्रयोग लावायला सांगा. सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून पडलेल्या या जमिनीकडे कोणी बघत नाही, पण गावची गुरं तिच्यावरच जगतात.

प्रयोगांना काही वर्षं लागतील. तोवर अनुदानाच्या मंजुरीपत्राला सूचनांचं एक पान जोडा, आणि पातं जमिनीपासून चार बोटं वर कसं धरायचं ते विक्रेत्याने यंत्र देतानाच दाखवावं, अशी अट घाला.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक बागायतदार