दुपारभर आम्हाला ओटीवर बसवून ठेवल्याबद्दल

दिवेआगरच्या काकूंना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं, तर मे महिन्यात तुमच्या खोल्यांसाठी पुण्यातून फोनवर फोन येतील आणि पुढच्या वेळी आम्हालाच जागा मिळायची नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे खुलं पत्र.

ताम्हिणी उतरेपर्यंत आम्ही मजेत होतो. माणगावला गाड्यांच्या रांगेत अडकलो आणि तुमच्या अंगणात पोचलो तोवर ऐन दुपार झाली. गाडीतून पाय खाली टाकताच सासूबाईंना गरगरलं. तुम्ही आमच्या बॅगांकडे बघितलंही नाहीत. त्यांना ओटीवर पंख्याखाली आडवं केलंत, मानेवर ओला पंचा ठेवलात आणि मीठ घातलेलं पन्हं घोट घोट पाजलंत. थोड्या वेळाने उठून बसत त्यांनी पन्ह्यात वेलची कमी पडल्याचं सांगितलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुम्ही हसलात, याबद्दल वेगळे आभार.

पुण्यात चाळीस अंश सोसलेल्या माणसांना तुमचे चौतीस काय करणार, असा ह्यांचा हिशेब होता. पुण्याचं ऊन कोरडं. घाम येतो, वाळतो आणि वाळता वाळता अंग गार करतो. तुमच्याकडे हवाच इतकी ओली की घाम वाळतच नाही, नुसता निथळत राहतो. अंगातलं मीठ-पाणी जातं ते जातंच, गारवा काही मिळत नाही. रात्री तरी बरं वाटेल म्हणावं, तर उशी ओली. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धन सोडून घाटावर आले, त्याची कारणं इतिहासात राजकीय दिलेली आहेत. मला त्यात मे महिन्याचाही हात दिसतो.

तर, ह्यांच्या खिशातली यादी. सुवर्णगणेश, रूपनारायण, मग हरिहरेश्वर, येताना श्रीवर्धन, जमलं तर आणखी एखादा किनारा, आणि हे सगळं शनिवार-रविवारात. तुम्ही यादी वाचलीत, घडी घालून फडताळात ठेवलीत आणि म्हणालात, “देऊळ संध्याकाळीही उघडं असतं. आत्ता कुठे जायचं नाही.” कर्वेनगरात असं कोणी सांगितलं असतं, तर आम्ही वाद घातला असता. दुपारी एक ते चारच्या झोपेवरून पुणेकरांना सगळे चिडवतात. खरं म्हणजे आमच्यातल्या नोकरदारांना ती झोप कित्येक वर्षांत मिळालेली नाही. तुमच्या ओटीवर मिळाली. चार वाजता उठून पाहते तर सगळं घर आडवं, आणि धाकट्याच्या हातातला मोबाइल केव्हाच गळून पडलेला.

समुद्रावर कधी जायचं, तेही तुम्हीच ठरवलंत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब मला नवा होता. शनिवारी दशमी, म्हणजे पूर्ण भरती साडेसातला, रविवारी एकादशीला सव्वाआठला, सकाळी आणि संध्याकाळीही. पाणी चढत असेल तेव्हा कडेकडेने डुंबा, उतरायला लागलं की बाहेर या, ओहोटीचं पाणी आत ओढतं, हे तुम्ही मुलांकडून पाठ करून घेतलंत. उजाडताच पाण्यात आणि आठच्या आत अंगणात, असा आमचा क्रम होता. ह्यांनी दहाला एकदा अनवाणी वाळूवर जाऊन पाहिलं. परत येताना ते ज्या चालीने आले, ती अजून आमच्याकडे मुलं करून दाखवतात.

दहा-अकराला पानही हलत नव्हतं. मग जमीन तापली, समुद्राकडून वारा सुटला आणि शाळेत पाठ केलेले खारे वारे मला पहिल्यांदाच अंगाला लागले. त्या वाऱ्यात बसून आम्ही तुमच्याबरोबर कोकमं फोडली. सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. आमसुलाचं एवढं असतं हे आमटीत टाकताना कधी मनातही आलं नव्हतं. सासूबाईंनी सर्वांत जास्त फोडली आणि सर्वांत जास्त सूचनाही दिल्या.

तेव्हाच तुम्ही वाडीचं सांगितलंत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि सुपारी, नारळ आडवे झाले. पूर्वी दुपारीही वाडीत काळोख असायचा, आता मधे मधे आभाळ दिसतं. सुपारीचं रोप लहानपणी ऊन सोसत नाही, म्हणून सावलीला केळी लावायच्या आणि पीक हाती येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं. हे सांगताना तुमचा सूर जराही बदलला नाही, हात कोकमांवर चालूच होते. काय बोलावं ते मला सुचलं नाही. पर्यटक गावातल्या सावलीचे फोटो काढतात. ती सावली कोणीतरी लावून वाढवलेली असते, हे मी तुमच्याकडून शिकले.

शेवटी सुवर्णगणेशाचं दर्शन संध्याकाळी झालं. हरिहरेश्वर राहिलं. ह्यांनी परतीच्या वाटेवर एकदाच त्याचा उल्लेख केला, तोही ताम्हिणीत, गार वारा लागल्यावर.

काकू, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी यांचे पैसे तुम्ही घेतलेत. पन्ह्याचे आणि सासूबाईंना सांभाळल्याचे घेतले नाहीत. त्यावर मी फार बोलत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पुढच्या खेपेला आम्ही पहाटेच निघू आणि उन्हाच्या आत पोचू. आमसुलं अर्धा किलो बाजूला ठेवा. आणि पुण्याहून काही हवं असेल तर आधी कळवा. बाकरवडी सोडून, ती तुमच्या बाजारातही मिळते असं तुम्हीच म्हणालात.

तुमची,
कर्वेनगरची पाहुणी