जेवण पेटीतच वाढ

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

प्रिय संज्या,

तुझा फोन आला तेव्हा मी पीएमटीत होतो. ‘उंदीर’, ‘गिळतो’ असले शब्द ऐकून शेजारच्या आजी सरकून बसायला लागल्या, म्हणून आवरतं घेतलं. तसंही हे फोनवर उरकण्यासारखं नाही, सविस्तरच लिहितो.

ओजसने बॉल पायथन आणला हे ऐकून आधी हसू आलं. कात्रजच्या सर्पोद्यानात काचेपासून चार हात लांब उभा राहणारा तू, आणि आता तुझ्याच हॉलमध्ये अजगराचा चुलतभाऊ! असो. तुझा प्रश्न असा की विकणाऱ्याने बजावून सांगितलंय, जेवण कायम वेगळ्या डब्यात द्या, राहत्या पेटीत दिलंत तर साप हाताला चटावेल आणि हात आत घातला की चावेल. माझं मत विचारशील तर डबा माळ्यावर टाक आणि जेवण पेटीतच दे.

हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो आणि वरवर पटतोही. पेटी फक्त जेवणापुरती उघडायची, एरवी ढुंकूनही बघायचं नाही, असं केलं तर झाकण सरकलं की साप मानेला बाक देऊन तयार होणारच. पण मग पेटी इतर कामांसाठीही उघडत जा ना! पाणी बदल, शी उचल, कात पडली असेल तर ती काढ, कधी नुसतीच हाइड (सापाची लपायची खोपटी) सरळ करून झाकण लाव. दहा वेळा उघडून एकदाच जेवण मिळालं की झाकणाचा आणि जेवणाचा संबंध आपोआप सुटतो. आमच्या सापाला, गुंड्याला, उचलायचं असेल तर मी आधी वर्तमानपत्राची सुरळी त्याच्या अंगावर हलकेच टेकवतो. मोठे साप सांभाळणारे यासाठी हुक वापरतात. सुरळी लागली म्हणजे आज जेवण नाही, एवढं त्याला पक्कं कळतं. मग तो ढिला पडतो आणि निवांत हातात येतो.

मुळात सापाला ‘ही माझी खोली, हे माझं ताट’ असलं काही नसतं. तो जीभ लपलपवून हवेतला वास टिपतो आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोचवतो. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळग्यांची ओळ असते, ओजसला टॉर्च लावून दाखव. त्या खळग्यांना उष्णता कळते, म्हणून मिट्ट अंधारातही गरम रक्ताचं जनावर त्याला सापडतं. आता बघ, तुझा हात गरम असतोच. त्याच हाताने उंदीर धरलास, हात न धुता पेटीत घातलास, तर त्याच्या लेखी उंदीरच आला. मग ती पेटी असो, डबा असो नाहीतर तुमचा दिवाणखाना. म्हणून जेवण नेहमी लांब चिमट्याने द्यायचं, आणि सापाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. नंतरही धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला (जुलाब-तापाचे जंतू) असू शकतो आणि काकूंचं वय झालंय. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, हे ओजसला दरडावून सांग.

साप माणसाला खायला चावत नाही, एक तर घाबरून चावतो नाहीतर वासाने फसून. सर्पमित्र नीलिमकुमार खैऱ्यांनी 1980 मध्ये पुण्यात 72 विषारी सापांबरोबर 72 तास एका काचेच्या खोलीत काढले, ते उगीच डिवचलं नाही तर साप चावत नाही हे लोकांना दाखवायलाच. आमचे बाबा ती गोष्ट अजून कालच पाहिल्यासारखी सांगतात. कात्रजचं सर्पोद्यान त्यानंतरचं, 1986 चं.

आता त्या वेगळ्या डब्याचा खरा घोळ सांगतो. डब्यात जेवण द्यायचं म्हणजे सापाला दोनदा उचलणं आलं. आधी उचललं की तो बिचकतो. बॉल पायथन मुळातच भित्री जात, बिचकला की वेटोळं करून डोकं मधे लपवतो आणि जेवणाकडे बघतही नाही. मग तुम्ही म्हणणार, साप खात नाही हो! आणि नंतरचं उचलणं त्याहून वाईट. गिळून झाल्यावर साप लगेच शांत होत नाही, आणखी काही मिळतंय का म्हणून जीभ काढत शोधत फिरतो. डब्यात उंदराचा वास भरलेला, साप चेकाळलेला, आणि नेमका तेव्हाच गरम हात वरून खाली येतो. चावा टाळायला केलेली व्यवस्था चाव्याच्याच वेळी हात पुढे करायला लावते, म्हणजे बघ!

शिवाय भरल्या पोटी हाताळलं की तो उलटी करतो. रानात पोट जड असताना संकट आलं तर साप खाल्लेलं टाकून पळ काढतो, तीच खोड इथे नडते. त्या अर्धवट पचलेल्या उंदराचा वास वहिनींच्या नाकापर्यंत गेला तर साप घराबाहेर जाईल आणि पाठोपाठ ओजस. गमतीचा भाग सोड, पण उलटीने सापाचे फार हाल होतात. पोटातलं आम्ल घशातून वर येतं आणि अंगातलं पाणीही जातं. तसं झालंच तर दोन आठवडे काही द्यायचं नाही, मग अगदी लहान उंदराने सुरुवात करायची, आणि पुन्हा झालं तर सरळ डॉक्टर गाठायचा. पचवणं हे सापाच्या शरीराला केवढं काम असतं ते ऐक: बर्मी अजगरांवरच्या प्रयोगांत जेवणानंतर दोन-तीन दिवसांत हृदयाचं वजन 40 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणून जेवण झाल्यावर निदान 48 तास त्याला अजिबात उचलायचं नाही. पाहुणे आले, मित्र आले, कुणी आलं तरी नाही.

परवा गुंड्याला दिलं तेव्हा ओजससाठी मुद्दाम नीट बघून ठेवलं. उंदीर आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली काढून ठेवलेला. संध्याकाळी पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवला, 38 अंशांच्या आसपास. (मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही, आतून शिजतो आणि फुटतो.) मग पुसून कोरडा केला, पेटीत तळाला कागद अंथरला आणि चिमट्याने उंदीर हाइडच्या तोंडाशी धरला. आतून आधी नुसती जीभ आली, मग नाक. मग बराच वेळ काहीच नाही, आणि डोळ्याला कळायच्या आत उंदीर वेटोळ्यात. मेलेला असूनही त्याने रीतसर आवळला. सैल सोडल्यावर नाकाने चाचपून डोकं शोधलं, बहुतेक साप तिथूनच सुरू करतात. जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी, पुन्हा पहिली, असा तो उंदरावर चढत गेला, उशीला अभ्रा चढवावा तसा. शेवटी शेपटीचा दोरा तेवढा ओठाबाहेर राहिला, तोही गेला. मग दोन मोठ्या जांभया देऊन जबडा जागच्या जागी बसवला आणि पुन्हा हाइडमध्ये. मी झाकण लावलं, लाइट घालवला, संपलं. त्याला कुठून कुठे हलवायचा प्रश्नच आला नाही.

कागदाचं लक्षात ठेव. तळाला नारळाचा भुसा किंवा लाकडाचा कीस असेल तर उंदराबरोबर पोटात जाऊ नये म्हणून जेवणापुरता कागद नाहीतर टाइल ठेवायची. चिमूटभर गेलाच तर घाबरून जाऊ नका, रानात कोण ताट मांडतं? बारीक खडी मात्र ठेवूच नका.

वेगळा डबा कधीच नको असंही नाही. एका पेटीत दोन साप असतील तर जेवणाला वेगळे करावेच लागतात, दोघांनी एकच उंदीर दोन टोकांनी धरला तर मोठा साप धाकट्यालाही गिळू शकतो. (मुळात दोन एकत्र ठेवूच नयेत.) अंड्यातून नुकतीच निघालेली, खायला बिचकणारी पिल्लं कधीकधी लहानशा अंधाऱ्या डबीत उंदराच्या पिल्लाबरोबर ठेवली की खायला लागतात. मासे खाणाऱ्या सापांचे मालक घाण नको म्हणून बाहेर देतात, तेही मी समजू शकतो. आणि एखाद्याचा साप वर्षानुवर्षं डब्यात सुखाने खात असेल, तर त्याची घडी मोडायला मी जाणार नाही. ओजसचा साप नवा आहे, त्याला ही सवय लावायचं कारण दिसत नाही.

जिवंत उंदीर मात्र देऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला चावतो, आणि ती जखम फार वाईट असते. उंदीर केवढा द्यायचा, तर सापाचा सर्वांत जाड भाग जेवढा, साधारण तेवढ्या जाडीचा.

थंडीचं बघ. पुण्यात जानेवारीत पारा कधीकधी 10 च्या खाली जातो आणि साताऱ्यात तुम्हाला वेगळं सांगायला नको. ऊब नसेल तर पोटातला उंदीर पचायच्या आधी सडतो. पेटीची गरम बाजू 31-32 अंश, थंड बाजू 26 च्या आसपास, आणि हीट मॅटला थर्मोस्टॅट हवाच. लाइट जाणार असल्याची नोटीस आली असेल तर त्या दिवशी जेवण पुढे ढकला. हिवाळ्यात बॉल पायथन आठवडेच काय, महिनेही उपास काढतात. वजन टिकून असेल तर जबरदस्ती करायची नाही. स्वयंपाकाच्या काट्यावर तोलू नका, वेगळा काटा आणा.

उंदरांसाठी फ्रीजही वेगळा घे, जुना छोटा चालेल. माझ्या आईने आमच्या फ्रीजवर पाटीच लावली आहे: ‘या फ्रीजमधील पदार्थ मनुष्यांसाठी आहेत. इतरांनी बाल्कनीतील फ्रीज वापरावा.’ आणि काकूंना सांग, नागपंचमीला त्याच्यापुढे दूध ठेवू नका. त्याला फक्त पाणी लागतं, अंग बुडेल एवढ्या मोठ्या वाटीत.

एक काम मात्र लगेच कर. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, ते तुला माहीत आहे. परदेशी असला तरी बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर 2024 मध्ये जे नियम आले त्यांनुसार त्याची सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. विकणाऱ्याने कागद दिलेत का? नसतील तर आधी ते माग, मग उंदरांचं बघू.

पुढच्या महिन्यात साताऱ्याला एक लग्न आहे, तेव्हा घरी येऊन पेटी बघतो. तोवर थर्मामीटरचे दोन्ही बाजूंचे आकडे, सापाचं वजन आणि शेवटचं कधी खाल्लं ते ओजसला वहीत लिहून ठेवायला सांग. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
मंदार