‘टेन्शनच्या गोळी’ची स्ट्रिप उलटून वाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला गावी निघताना बीपीच्या गोळ्या मोजून पिशवीत पडतात. नैराश्याची गोळी, जिला घरोघरी ‘टेन्शनची गोळी’ म्हणतात, ती मात्र घरीच राहते, कधी विसरून, कधी पाहुण्यांसमोर स्ट्रिप काढायला नको म्हणून. दोन-तीन दिवसांत चक्कर येऊ लागते, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका बसतो, भलतीसलती स्वप्ने पडतात, उगाच चिडचिड होते. घरचे म्हणतात, ‘बघ, सवय लागली गोळीची.’ ही व्यसनाची तलफ नव्हे. महिनोन्‌महिने औषधाशी जुळवून घेतलेल्या मेंदूचा आधार एकदम काढला की हे होते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधांच्या बाबतीत त्रास जास्त, कारण ती शरीरातून लवकर जातात. फ्लुऑक्सेटिन बरेच दिवस रेंगाळते, म्हणून कमी.

गावच्या मेडिकलमध्ये आपला ब्रँड मिळेलच असे नाही. तेव्हा स्ट्रिपच्या मागे छापलेले मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून ठेवावेत. मागची बाजू वाचण्याचे याहून मोठे कारण आहे. आपल्याकडे नैराश्यावरचे एस्सिटॅलोप्रॅम एकटेही मिळते आणि क्लोनाझेपामसह एकाच गोळीतही. ब्रँडचे नाव तेच, शेवटी ‘प्लस’ किंवा एखादे अक्षर जादा, एवढाच फरक. क्लोनाझेपाम हे झोपेचे, शांत करणारे औषध. ते पहिल्या रात्रीच गुण दाखवते, म्हणून ‘गोळी लागू पडली’ असे वाटते. पण नैराश्यावरचे औषध दोन ते चार आठवड्यांनी काम दाखवू लागते, पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागतात. ते अनेक महिने घ्यायचे, तर क्लोनाझेपाम शक्यतो दोन-चार आठवड्यांत कमी करत थांबवायचे. दोन्ही एकाच गोळीत कोंबली की एक चालू ठेवून दुसरे उतरवता येत नाही. आमच्या मते ही जोडगोळी सोयीपेक्षा गैरसोयच जास्त करते. क्लोनाझेपाम रोज घेण्याची सवय झाल्यावर अचानक सोडले तर झोप उडते, छाती धडधडते, क्वचित फिटही येते. दारूबरोबर तर ते घेऊच नये. ‘यात झोपेचे औषध आहे का, आणि ते कधी थांबवायचे?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावा.

सुरुवातीचे पंधरा दिवस कसोटीचे. मळमळ, जुलाब (सर्ट्रालिनने जरा जास्त), डोकेदुखी, अस्वस्थपणा हे बहुधा आपोआप ओसरतात. एस्सिटॅलोप्रॅम पाच मिलिग्रॅमवर सुरू करून आठवड्याने दहावर नेले तर हा काळ सुसह्य होतो. गोळी जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री. पण वेळ रोज तीच. उपवासाच्या दिवशीही ती चुकवू नये, दूध-केळ्यावर घ्यावी. एखादी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशीची वेळ होत आली असेल तर सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. कामेच्छा कमी होणे, वीर्यपतनाला उशीर हे मात्र सहसा आपोआप जात नाही, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. संकोचाने गोळी गुपचूप बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावे. डोस किंवा औषध बदलता येते.

काही लक्षणांना मात्र वाट पाहणे चालत नाही. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना, आत्महत्येचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. दोन-तीन तासांच्या झोपेवरही प्रचंड उत्साह, अखंड बडबड, उधळपट्टी सुरू झाली तर ती ‘तब्येत सुधारली’ची खूण नव्हे, तो उन्माद असू शकतो. साठीपुढच्यांच्या रक्तातले सोडियम या गोळ्यांनी घटू शकते, बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर अधिकच. आजोबा गोंधळल्यासारखे बोलू लागले, तोल जाऊ लागला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता सोडियम तपासावे.

नैराश्याची गोळी चालू असताना अंगदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल त्यापेक्षा बरे. ट्रामाडॉल आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे सिरप विचारल्याशिवाय नकोच. हातपाय थरथरणे, खूप घाम, ताप, जुलाब, स्नायू ताठणे असे एकत्र दिसले तर थेट दवाखाना गाठावा.

बरे वाटू लागल्यावरही पहिल्या आजारात साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालते. मग उतरवायची ती पायरीपायरीने, दर पायरीवर दोन ते चार आठवडे, आणि डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे. अनेक जण ‘दिवसाआड’ घेऊन सोडतात. त्याने रक्तातली पातळी रोज वरखाली होते आणि तेच झटके परत येतात. रोजचा डोस लहान करणे चांगले. मधोमध खाच असलेली साधी गोळी तोडता येते. सीआर, एसआर, ईआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, तोडायची नाही. वीस मिलिग्रॅमवरून पंधरावर येणे सोपे, पाचवरून शून्यावर जाणे अवघड, म्हणून शेवटच्या पायऱ्या आणखी लहान हव्यात. सोडल्यावर काही दिवसांतच चक्कर-झटके सुरू झाले आणि आधीचा डोस घेतल्यावर एक-दोन दिवसांत थांबले, तर तो औषध उतरवण्याचा त्रास. आजार परततो तो बहुधा काही आठवड्यांनी, हळूहळू: आधी झोप जाते, मग कशातच मन लागत नाही.

आपले नम्र,
दोन औषधनिर्माते, सातारा