कंबर, बेल्ट आणि 'गॅप'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला कंबरदुखीवरचा लेख वाचला. सक्तीची विश्रांती, कमरेला बेल्ट आणि 'वाकू नका' असे तीन सल्ले त्यात आहेत. हे तिन्ही मी अडीच वर्षं इमानेइतबारे पाळले, म्हणून लिहितो.

मी एसटीत कंडक्टर होतो. एका आजींचं तांदळाचं पोतं उतरवून देताना कमरेत उसण भरली. दोन महिने झाले तरी जाईना, तेव्हा एमआरआय काढला. 'मणक्यात गॅप आहे, जपा,' असं सांगितलं गेलं. तो गॅप मग माझ्या डोक्यातच जाऊन बसला. पाण्याची बादली सौ. उचलू लागली, नातवाला कडेवर घेणं बंद झालं, मांडी घालून जेवायचाही धसका घेतला. दुखणं होतं तिथेच.

कंबर अजिबात दुखत नसलेल्यांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावेत तसंच हे. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

पुढे एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी वही आणायला सांगितली. (मी मालिशच्या तयारीने गेलो होतो.) वाकल्यावर काय होईल असं वाटतं ते आधी लिहायचं, मग वाकायचं, मग झालं काय ते लिहायचं. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात आहे : 'अंथरूण धरीन.' शेजारच्या रकान्यात : 'कळ आली, चहा होईतो गेली.' शिवाय बरं वाटलं की मी सगळी कामं एका दिवसात उरकायचो आणि पुढचे तीन दिवस आडवा. त्यांनी चालणं आठ मिनिटांवर बांधलं. दुखलं तरी आठ, नाही दुखलं तरी आठ. वाढवायचं ते दर आठवड्याला, थोडं थोडं.

विचार आणि सवयी बदलण्याच्या या उपचाराला कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी म्हणतात. 'म्हणजे दुखणं मनाचंच ना?' असं आमच्या मेहुण्यांनी विचारलंच. दुखणं कमरेतलंच आहे हो. पण भीतीने अंग आखडतं, झोप उडते, हालचाल थांबते आणि तेच दुखणं मुक्कामाला राहतं. पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा सोबत ताप असला, तर मात्र वही ठेवून तडक दवाखाना गाठावा.

ब्रिटनमध्ये ७०१ रुग्णांवर याची चाचणी झाली, २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. नुसत्या सल्ल्यापेक्षा गटाने घेतलेल्या सहा बैठकांचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. जादू नाही, लांबच्या प्रवासात माझी कंबर आजही बोलते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाबरोबर ही पद्धतही सुचवली. बेल्ट आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) नेहमीच्या उपचारात नकोत, असंही म्हटलं.

जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट आहेत, परिचारिका आहेत. त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन आठवड्यातून एक बैठक लावता येईल. ऊसतोडीवरची माणसं, हमाल, आमचे ड्रायव्हर यांना एमआरआयपेक्षा ती परवडेल. पुरवणीत यावरही एखादा लेख यावा. त्या लेखाच्या खालीच बेल्टची जाहिरात होती, तेवढी पुढच्या वेळी दुसऱ्या पानावर घ्या.

आपला,
एक निवृत्त वाहक, सातारा