हाफ तिकिटाचं वय

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

'हल्लीची मुलं सर्रास खोटं बोलतात' या विषयावर आपल्या पत्रसदरात पालक आणि शिक्षक हिरिरीने लिहीत आहेत. मोबाइल, मालिका, शाळा, विभक्त कुटुंब, सगळ्यांना दोष देऊन झाला. मी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते, मुंबईच्या भाषेत टीसी. नोकरीचा बराच काळ दादर, कुर्ला, ठाण्याच्या पुलांवर आणि लेडीज डब्यात गेला. या विषयावर मलाही थोडं बोलायचा अधिकार आहे असं वाटतं.

लोकलचा नियम साधा आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत हाफ, पुढे फुल. त्यामुळे पाचव्या आणि बाराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर मुंबईतल्या पुष्कळ मुलांची वाढ खुंटते. गळ्यात शाळेचं ओळखपत्र, त्यावर 'इयत्ता पहिली, तुकडी ब', आणि आई सांगते, "पाच व्हायचीत अजून, मॅडम." लहान मुलं तिथल्या तिथे बिंग फोडतात. "आई, केकवर सहाची मेणबत्ती होती ना?" असं भर पुलावर विचारणारी एक चिमुरडी मला अजून आठवते. तिच्या दंडाला बसलेला चिमटाही मी पाहिला. खरं बोलल्याबद्दल आयुष्यात मिळालेलं हे बहुधा तिचं पहिलं बक्षीस.

बाराव्या वर्षी तर दुहेरी फायदा. हाफ तिकीट चालतं, शिवाय बारा वर्षांखालच्या मुलाला आईबरोबर लेडीज डब्यात बसता येतं. ओठावर लव फुटलेले मुलगे आईच्या पर्सआड अंग चोरून बसलेले असत. ही मोठी मुलं बिंग फोडत नाहीत आणि मला काळजी वाटायची ती त्यांचीच. वय विचारलं की "अकरा." म्हणून मी जन्मसाल विचारायची, तर तेही हिशेबात चोख बसणारं. म्हणजे घरून निघतानाच पाठ करून घेतलेलं. शेजारी आई कौतुकाने बघतेय, पोरगा अडखळला नाही म्हणून! हाच मुलगा प्रगतिपुस्तकावर स्वतःच सही ठोकतो, तेव्हा घरात रडारड होते की हे याला कुणी शिकवलं.

कुणी म्हणेल, पाच-दहा रुपयांची ती गोष्ट, बाई कुठल्या कुठे नेतायत. विनातिकीट सापडलं तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड आहे, त्यामुळे हा व्यवहार तसाही आतबट्ट्याचाच. पण ते सोडा. रक्कम किरकोळ आहे म्हणूनच ती मुलाला समजते. त्याला आयकर कळत नाही, हाफ तिकीट कळतं. आईबाबा पैशासाठी किती वाकतात, याचं पहिलं माप त्याला तिकीट खिडकीवरच मिळतं.

गरिबीचा मुद्दाही निघतो. माझा अनुभव असा की फर्स्ट क्लासचा पास बाळगणारेही मुलांची वयं तितक्याच सफाईने कमी करत. उलट कुर्ल्याला एक नाका कामगार भेटला होता. मुलगी अंगाने इतकी बारीक, की मी तिचं तिकीट विचारलंच नसतं. त्याने आपल्या तिकिटाबरोबर तिचं हाफ तिकीट पुढे केलं. मी म्हटलं, "एवढीशी तर आहे." तो म्हणाला, "मागच्या महिन्यात पाच झाली, मॅडम. तिला तारीख पाठ आहे, मी कुठे लपवू?"

शाळेत मूल्यशिक्षण असतं. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी दहा मूल्यं. खरेपणाला त्या यादीत स्वतंत्र जागा नाही. करणाऱ्यांनी तो घरावर सोपवला असावा. आणि घरी काय चालतं? "आई अंघोळीला गेलीय म्हणून सांग." चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, पण सकाळी शाळेच्या वेळी मुलुंडच्या रस्त्यावर उभे राहा. बापाच्या डोक्यावर हेल्मेट, मुलांची डोकी उघडी, आणि चौक आला की, "वाकून बस रे, पोलीस आहे."

एक गोष्ट आमच्याच घरातली. आम्ही कोकणातले, गणपतीला गावी जाणं चुकत नाही. शाळेची सुट्टी मात्र आमच्या विसर्जनाआधीच संपते. गेल्या वर्षी परत आल्यावर सूनबाईने नातवाच्या डायरीत सरळ लिहिलं, 'गणपतीसाठी गावी गेलो होतो, म्हणून शाळेत आला नाही.' दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन. बाई चांगल्या होत्या, मदतच करत होत्या. "ताप होता असं लिहून द्या, म्हणजे बुडलेली घटक चाचणी परत घेता येईल. गावी गेल्याचं कारण नियमात बसत नाही." नातू समोरच बसलेला, कान टवकारून. माझा मुलगा म्हणाला, "लिहून टाक ना, सगळेच लिहितात. आपल्याच घरात हरिश्चंद्र कशाला हवा?"

सूनबाईने लिहिलं नाही. गणिताच्या चाचणीत शून्य लागलं. नवरा-बायकोत दोन दिवस अबोला, आणि नातू तर माझ्यावरही रुसलेला, कारण मी त्याच्या आईची बाजू घेतली. खोटं लिहिणाऱ्या घरांतल्या मित्रांची चाचणी झाली आणि त्यांना चांगले गुणही मिळाले, हे त्याने आम्हाला बरेच दिवस ऐकवलं. त्याचं चुकीचं नव्हतं. खरं बोलण्याचा तोटा त्याला झाला होता, आम्हाला नाही. तो तोटा आम्ही चॉकलेट देऊन भरून काढला नाही की तू किती थोर म्हणून गोडवेही गायले नाहीत. सूनबाई रोज रात्री त्याला बुडलेला धडा शिकवत बसली, एवढंच.

यंदा गावच्या गाडीचं आरक्षण करायची वेळ आली, तेव्हा मुलगा मोबाइल घेऊन तारखा बघत होता. नातू वही घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, थांबा. आधी मी बाईंना चाचणीची तारीख विचारून येतो, मग परतीचं तिकीट काढा. आणि माझं हाफच काढा, मला अजून बारा झाली नाहीत."

आपली नम्र,
एक निवृत्त तिकीट तपासनीस
मुलुंड (पूर्व), मुंबई